अमेरिकेत प्री-मेड: कॉलेज निवडताना काय पाहायचं, काय विचारायचं

बारावी, नीट, एमबीबीएस हा रस्ता आपल्या डोक्यात पक्का बसलेला असतो. त्यामुळे इथे वाढलेलं आपलं मूल अकरावीत येऊन "मला डॉक्टर व्हायचंय" म्हणालं की आपण लगेच मेडिकलच्या प्रवेशाबद्दल बोलायला लागतो. इथे त्याला अजून बराच अवकाश असतो. आधी चार वर्षांचं कॉलेज, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग तीन ते सात वर्षांची रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. पूर्वी असं नव्हतं. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात थेट दाखल झाल्या आणि १८८६ मध्ये एमडी झाल्या. आधी पदवी हवी ही अट जॉन्स हॉपकिन्स मेडिकल स्कूलने १८९३ मध्ये घातली. मेडिकल शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर विज्ञानाचा पाया सगळीकडेच मागायला लागले आणि त्यातून आजची प्री-मेडची वाट तयार झाली.

आमच्या मुलीच्या वेळी आम्ही ही सगळी प्रक्रिया जवळून पाहिली. त्यानंतर इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांत याच विषयावर तासन्‌तास बोलणं झालं. कळकळीने सांगावंसं वाटतं ते एवढंच: कॉलेजचं नाव किती मोठं आहे यापेक्षा त्या कॉलेजात आपलं मूल चांगले ग्रेड मिळवू शकेल का, तिथले प्रोफेसर त्याला नावाने ओळखतील का, आणि बाहेर पडताना डोक्यावर कर्ज किती असेल, हे तीन प्रश्न फार महत्त्वाचे आहेत. पुढचं सगळं या तीन प्रश्नांची उत्तरं कशी शोधायची याबद्दल आहे.

१. आधी प्री-मेड म्हणजे काय ते नीट समजून घ्या

प्री-मेड म्हणजे कॉलेजात असताना करायची मेडिकल प्रवेशाची तयारी. ते मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नाही. कोणत्याही मेजरमधून पदवी घेता येते. इतिहास, संगीत, कॉम्प्युटर सायन्स, काहीही चालतं. मेडिकल स्कूलला हवे असलेले विषय तेवढे पूर्ण झाले पाहिजेत. साधारणपणे ते असे: वर्षभर बायोलॉजी, वर्षभर जनरल केमिस्ट्री, वर्षभर ऑरगॅनिक केमिस्ट्री, वर्षभर फिजिक्स (हे सगळं प्रयोगशाळेसकट), एक सेमिस्टर बायोकेमिस्ट्री, थोडं गणित किंवा स्टॅटिस्टिक्स, आणि इंग्रजी लेखन. २०१५ पासून एमकॅट या मेडिकल प्रवेश परीक्षेत मानसशास्त्र आणि समाजशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे, म्हणून बहुतेक मुलं तेही विषय घेतात. मेडिकल स्कूलागणिक थोडा फरक असतो.

आता आकडे. एमडी (इथली डॉक्टरकीची पहिली पदवी) देणाऱ्या मेडिकल स्कूलांकडे दर वर्षी ५० हजारांहून अधिक विद्यार्थी अर्ज करतात आणि जेमतेम २३ हजारांना जागा मिळते. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए (कॉलेजातल्या ग्रेडची सरासरी, ४ पैकी) ३.८ च्या जवळ असतो आणि एमकॅट ५२८ पैकी ५११-५१२. एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना हे सगळे तक्ते आपल्या संकेतस्थळावर फुकट देते. त्यातला ए-२३ हा तक्ता मुलाबरोबर बसून पाहा. जीपीए आणि एमकॅटच्या प्रत्येक चौकटीतल्या किती जणांना प्रवेश मिळाला ते त्यात दिसतं. अगदी वरच्या चौकटीतही सगळ्यांना मिळत नाही, आणि ही गोष्ट घरातल्या सगळ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहिलेली बरी.

डीओ म्हणजे ऑस्टिओपॅथिक मेडिकल स्कूल हीसुद्धा पूर्ण डॉक्टरकीची वाट आहे. आपल्याकडे तिला उगाच कमी लेखतात. दोन्हींकडचे डॉक्टर एकाच हॉस्पिटलात, एकाच रेसिडेन्सीत काम करतात.

२. व्हिसा आणि राज्य: यादी करण्याआधीच हे पाहा

घरात सगळे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले असतील तर या भागातला पहिला अर्धा सोडून द्या. पण मूल एच-फोरवर, म्हणजे एच-वनवाल्या पालकाच्या आश्रित व्हिसावर असेल तर कॉलेजच्या यादीआधी एकदा इमिग्रेशन वकिलाशी बोला. एकविसाव्या वर्षी एच-फोर संपतो. म्हणजे कॉलेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षातच मूल एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जाऊ शकतं, आणि मेडिकल स्कूलला अर्ज करताना त्याची गणना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांत होते. बरीच मेडिकल स्कूल, विशेषतः सरकारी, अशा विद्यार्थ्यांचे अर्ज घेतच नाहीत. जी घेतात त्यांतली काही फीची मोठी रक्कम आधीच बाजूला ठेवायला सांगतात. सरकारी कर्ज मिळत नाही. ग्रीन कार्डसाठी मुलाचं वय गोठवण्याची तरतूद कायद्यात आहे, पण ती आपल्या मुलाला लागू होते का हे वकीलच सांगू शकेल. दिवाळीच्या पार्टीत कोणी काय सांगितलं यावर विसंबू नका.

अशा मुलांसाठी माझा सल्ला असा: खर्च शक्य तितका कमी ठेवा, आणि असं मेजर निवडा ज्यावर पदवीनंतर नोकरीही लागू शकेल. वाट बंद नाही, पण अरुंद आहे. ती अरुंद आहे हे अठराव्या वर्षी माहीत असणं मुलाचा हक्क आहे.

आता राज्य. सरकारी मेडिकल स्कूल आपल्या राज्यातल्या मुलांना झुकतं माप देतात. टेक्ससमध्ये तर सरकारी मेडिकल स्कूलच्या किमान ९० टक्के जागा राज्यातल्या रहिवाशांसाठी असतात, आणि त्यांचा अर्जही टीएमडीएसएएस या वेगळ्या व्यवस्थेतून जातो. उलट कॅलिफोर्नियात अर्जदार इतके की प्रवेश मिळालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं राज्याबाहेर शिकायला जातात. मूल तुमच्यावर अवलंबून असेल तर दुसऱ्या राज्यात कॉलेज करूनही बहुधा ते तुमच्याच राज्याचं रहिवासी धरलं जातं. म्हणून "मेडिकलला तिथे जायचंय, तर कॉलेजही तिथलंच घेऊ" हा हिशेब सहसा जमत नाही. एएएमसीच्या ए-१ तक्त्यात कोणत्या मेडिकल स्कूलने राज्यातली किती मुलं घेतली आणि बाहेरची किती, हे दिलेलं असतं.

३. पैशांचा हिशेब आठ वर्षांचा करा

नामांकित खासगी कॉलेजात राहण्या-जेवणासकट वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या आसपास गेला आहे. राज्याच्या युनिव्हर्सिटीत राज्यातल्या मुलाला तो बहुधा त्याच्या निम्म्याहून कमी पडतो. त्यानंतर मेडिकल स्कूल आहेच. कर्ज काढून मेडिकल केलेल्यांच्या डोक्यावर बाहेर पडताना साधारण २ लाख डॉलर असतात.

यात नुकताच मोठा बदल झाला आहे. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केलं. मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला आता वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर एवढीच सरकारी कर्जाची मर्यादा आहे. आईवडिलांच्या पॅरेंट प्लस कर्जालाही एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजारांची मर्यादा आली. याआधीची मुलं "मेडिकलचं काय, लोन मिळतंच" असं म्हणू शकत होती. तुमच्या मुलाला तसं म्हणता येणार नाही. म्हणून ५२९ या शिक्षणासाठीच्या बचत खात्यातले पैसे कॉलेजातच संपवू नका. जे कॉलेज स्वस्त पडतं ते मेडिकलच्या वेळी तुमच्या हातात पैसे ठेवतं.

प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर मदत वजा जाऊन आपल्याला खर्च किती पडेल याचा अंदाज देणारा नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो. सरकारी मदत घेणाऱ्या कॉलेजांना तो ठेवावाच लागतो. वीस मिनिटं लागतात. यादीतल्या प्रत्येक कॉलेजसाठी तो भरा, अर्ज करायच्या आधी. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसारखी आयव्ही लीगमधली कॉलेजं हुशारीवर स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त घरच्या उत्पन्नावर मदत देतात. आपल्याकडच्या दोघंही आयटीत असलेल्या घरांना ती बहुधा थोडी मिळते किंवा मिळतच नाही. आणि सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा अर्ज भरताना भारतातली मालमत्ताही विचारतात. पुण्यातला फ्लॅट लपवू नका. खरं लिहा, आणि तिथे आजीआजोबा राहत असतील तर तसं स्पष्टीकरण जोडा.

दुसऱ्या बाजूला राज्यांच्या युनिव्हर्सिटीतली ऑनर्स कॉलेजं (निवडक हुशार मुलांसाठीचे विभाग) पाहा. न्यूयॉर्क शहराच्या क्यूनी या सरकारी युनिव्हर्सिटीमधलं मॅकॉले ऑनर्स कॉलेज न्यूयॉर्कच्या रहिवाशांना पूर्ण ट्युशन देतं. ऑनर्समध्ये बऱ्याच ठिकाणी वर्ग लहान असतात आणि कोर्ससाठी नाव नोंदवायची पाळी आधी येते. ऑरगॅनिकच्या लॅबची जागा मिळवताना याचं मोल कळतं.

४. जीपीए: इथे थोडं थांबा आणि हिशेब करून पाहा

समजा पहिल्या सेमिस्टरला १५ क्रेडिट घेतले आणि सगळ्यात बी आला, म्हणजे ३.०. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी ९० क्रेडिट होतील. तोवर जीपीए ३.७५ वर आणायचा असेल तर उरलेल्या ७५ क्रेडिटांत सरासरी ३.९ लागेल. म्हणजे त्यानंतर जवळपास प्रत्येक विषयात ए. एका सेमिस्टरचा परिणाम एवढा असतो. आणि नेमक्या त्या पहिल्या सेमिस्टरला मूल घरापासून दूर, डॉर्ममध्ये, तीन-चारशे मुलांच्या जनरल केमिस्ट्रीच्या वर्गात बसलेलं असतं.

म्हणून कॉलेज पाहताना विचारायचं ते हे:

जनरल केमिस्ट्री आणि ऑरगॅनिकमध्ये ग्रेड कर्व्हवर, म्हणजे बाकी वर्गाच्या तुलनेत, देतात का? देत असतील तर वर्गाची सरासरी कुठे बसवतात, बी-वर की सी-प्लसवर? हे संकेतस्थळावर सापडत नाही, दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावं लागतं. प्रिन्स्टनमध्ये २००४ ते २०१४ या काळात ए ग्रेड साधारण ३५ टक्क्यांपर्यंतच ठेवायचं धोरण होतं. विद्यार्थ्यांच्या मनावर त्याचा ताण येत होता आणि शेवटी ते मागे घेतलं. आज असं लिखित धोरण क्वचित दिसेल, पण विभागांच्या सवयी असतात.

सेमिस्टर आहे की क्वार्टर? यूसीएलए, यूसी सॅन डिएगो, नॉर्थवेस्टर्न, युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन इथे दहा आठवड्यांचं क्वार्टर चालतं. बर्कलीत सेमिस्टर आहे. क्वार्टरमध्ये तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच मिडटर्म येते. आजारी पडायलाही सवड नसते. काही मुलांना हा वेग मानवतो, काहींना नाही.

मदत कुठे मिळते? प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना (विद्यार्थ्यांना भेटायच्या वेळेला) गर्दी किती असते, शिकवणी केंद्र फुकट आहे का, संध्याकाळी उघडं असतं का.

आता यातला सर्वात मोठा सापळा, जो मराठी घरांत मला पुन्हा पुन्हा दिसतो. हायस्कूलमध्ये असताना घेतलेले ड्युअल एनरोलमेंटचे, म्हणजे कॉलेजचे, कोर्स. मेडिकलचा एएमसीएएस हा अर्ज भरताना कोणत्याही कॉलेजात, कधीही घेतलेला प्रत्येक कोर्स दाखवावा लागतो, आणि त्याचा ग्रेड जीपीएत धरला जातो. सोळाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजात हौसेने घेतलेल्या कॅल्क्युलसमधला सी चार-सहा वर्षांनी मेडिकलच्या अर्जात दिसतो. कोर्स पुन्हा केला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात. शिवाय बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स, गणित या चार विषयांचा जीपीए वेगळा काढतात. आपली मुलं लवकर पुढे जावीत म्हणून आपण असे कोर्स घ्यायला लावतो. जिथे ए येण्याची खात्री आहे तिथेच लावा.

एपीचं, म्हणजे हायस्कूलमधल्याच कॉलेजच्या पातळीच्या कोर्सचं, प्रकरण थोडं वेगळं. एपीच्या क्रेडिटवर कॉलेज तुम्हाला वरच्या वर्गात बसवेल, पण बरीच मेडिकल स्कूल विज्ञानाच्या विषयांसाठी एपी क्रेडिट मान्य करत नाहीत, किंवा त्याऐवजी वरच्या पातळीचा कोर्स करायला सांगतात. एपी बायोलॉजीत ५ मिळालेल्या मुलाने कॉलेजात बायोलॉजी टाळू नये. तिथेच पहिला ए सोपा असतो.

५. सल्लागार आणि कमिटी लेटर: "आमच्याकडे ९० टक्के मुलांना प्रवेश मिळतो"

हे वाक्य तुम्ही एकदा तरी ऐकाल. ऐकलं की वहीत लिहून घ्या आणि पुढचे प्रश्न विचारा.

एका कॉलेजच्या माहितीसत्रात आम्ही बसलो होतो. पडद्यावर मोठ्या अक्षरात नव्वदच्या पुढचा आकडा होता आणि पालक फोटो काढत होते. मागच्या रांगेतल्या एका आईने हात वर करून विचारलं, "यात ज्यांना तुम्ही कमिटी लेटर दिलं नाही ती मुलं धरली आहेत का?" बोलणारा माणूस थांबला, आणि मग म्हणाला की हा आकडा कमिटीने पाठिंबा दिलेल्या अर्जदारांचा आहे. फोटो काढणारे हात खाली आले.

त्याचा अर्थ असा. बऱ्याच कॉलेजांत एक समिती मुलाचा सगळा प्रवास पाहून मेडिकल स्कूलला एकत्रित शिफारसपत्र देते. ते चांगलं असतं, वजनदार असतं. पण काही कॉलेजं ठरावीक जीपीएच्या खालच्या मुलांना ते देतच नाहीत. मग ती मुलं एक तर अर्जच करत नाहीत किंवा पत्राशिवाय करतात, आणि "तुमच्या कॉलेजात कमिटी असून पत्र का नाही?" याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं. टक्केवारी मात्र छान राहते.

प्री-हेल्थ ऑफिसला हे विचारा, शक्यतो मुलाने स्वतः ईमेल लिहून:

- कमिटी लेटर मागेल त्या प्रत्येकाला देता का? काही किमान जीपीएची अट आहे का?
- गेल्या वर्षी किती जणांनी अर्ज केला आणि किती जणांना मिळालं? पहिल्यांदा अर्ज करणारे किती?
- पहिल्या वर्षी प्री-मेड म्हणून आलेल्यांपैकी शेवटी अर्ज किती जण करतात?
- सल्लागार किती आणि त्यांच्याकडे विद्यार्थी किती?
- पदवीनंतरही सल्ला आणि पत्र मिळतं का?

शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण तसा नाही. आज मेडिकल स्कूलमध्ये येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांनी पदवीनंतर किमान एक वर्ष मधे घेतलेलं असतं. गॅप इयर म्हटलं की आपल्याकडे "वर्ष वाया गेलं" असं वाटतं आणि आजी फोनवर काळजी करते. इथे ते नेहमीचं झालं आहे. त्या वर्षात कॉलेज मुलाला वाऱ्यावर सोडतं की नाही, हे आधी माहीत हवं.

उत्तरं टाळणाऱ्या कॉलेजला लगेच काट मारू नका. काही ऑफिसं खरोखर हे आकडे जमवत नाहीत. पण ज्या कॉलेजने तीन ओळींत सरळ आकडे पाठवले, त्याच्यापुढे एक खूण करा.

अजून एक. एएएमसीच्या ए-२ तक्त्यात कोणत्या कॉलेजातून किती अर्ज गेले ते आहे. यूसीएलएतून दर वर्षी हजाराहून अधिक जातात. हा आकडा अर्जांचा आहे, प्रवेशांचा नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर हाच तक्ता "मेडिकलसाठी टॉप कॉलेजेस" म्हणून फिरतो.

शिफारसपत्रांचंही इथेच सांगते. बरीच मेडिकल स्कूल दोन विज्ञानाच्या आणि एक विज्ञानेतर प्रोफेसरचं पत्र मागतात. तीनशे जणांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून ए मिळवलेल्या मुलाबद्दल प्रोफेसर काय लिहिणार? लहान लिबरल आर्ट्स कॉलेजं याच बाबतीत उजवी ठरतात. विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट ही नावं आपल्याकडे फारशी कोणाला माहीत नसतात, पण तिथे केमिस्ट्रीचा प्रोफेसर मुलाला नावाने हाक मारतो. मोठ्या युनिव्हर्सिटीतही हे जमतं, मात्र मुलाने स्वतः पुढे होऊन बोलायला हवं. तुमचं मूल तसं आहे का, हे तुम्हीच प्रामाणिकपणे ठरवा.

६. हॉस्पिटल किती लांब आहे?

मेडिकल स्कूल रुग्णांबरोबरचा अनुभव मागतात. स्वयंसेवक म्हणून काम, ईएमटी (रुग्णवाहिकेवरचा मदतनीस), नर्सिंग असिस्टंट, डॉक्टरसाठी नोंदी लिहिणारा स्क्राइब, डॉक्टरांचं काम जवळून पाहणं म्हणजे शॅडोइंग. हे सगळं कॉलेज चालू असताना करायचं. मूल गाडीशिवाय हॉस्पिटलपर्यंत पोहोचू शकतं का ते नकाशावर पाहा. बस किती वेळाने येते, रात्री दहानंतर मिळते का तेही पाहा. जॉर्जटाऊन आणि राइस या युनिव्हर्सिटींत विद्यार्थ्यांनी चालवलेली आपत्कालीन वैद्यकीय सेवा आहे. अशा ठिकाणी कॅम्पस न सोडता अनुभव मिळतो.

मंडळातल्या ओळखीच्या डॉक्टर काका-मावशींकडे शॅडोइंग जरूर करा, सुरुवात करायला ते उत्तम आहे. पण तेवढ्यावर थांबू नका. ज्या वस्तीत आपण राहत नाही, जिथले लोक आपल्यासारखे नाहीत, तिथे काम केलेलं मूल मुलाखतीत वेगळं बोलतं.

कॉलेजच्या नावाचं मेडिकल स्कूल शेजारी आहे म्हणून त्यात प्रवेश सोपा, असंही समजू नका. एनवाययूचं (न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचं) ग्रॉसमन मेडिकल स्कूल २०१८ पासून ट्युशन घेत नाही. पण एनवाययूत कॉलेज केलं म्हणजे तिथे जागा राखीव झाली असं नाही. प्रिन्स्टनला तर मेडिकल स्कूलच नाही, आणि तिथून मुलं डॉक्टर होतातच.

७. मेजर आणि परतीची वाट

"बायोमेडिकल इंजिनिअरिंग घेऊ, मेडिकल नाही जमलं तर नोकरी तरी लागेल." हा सल्ला मी इतक्या आईवडिलांकडून ऐकलाय. मुलाला इंजिनिअरिंगची खरी आवड असेल तर अवश्य. नसेल तर सर्किट्स आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये जीपीए खाली येतो, आणि मेडिकल स्कूल "इंजिनिअरिंग होतं म्हणून" फारशी सूट देत नाही.

मुलाला जे वाचायला, करायला आवडतं ते मेजर घ्या. आणि मन बदललं तर? बरीच मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत प्री-मेड सोडतात, आणि ते अपयश नाही. म्हणून कॉलेज असं हवं जिथे मेजर बदलता येतं. काही मोठ्या सरकारी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्स, नर्सिंग अशा मेजरना नंतर शिरता येत नाही. आत येण्याआधीच विचारा.

८. बीएस-एमडी

हायस्कूलमधूनच मेडिकलची जागा देणारे कार्यक्रम मोजके आहेत. ब्राउनचा पीएलएमई आठ वर्षांचा आहे आणि त्यातल्या मुलांना ब्राउनच्याच मेडिकल स्कूलसाठी एमकॅट द्यावी लागत नाही. यूएमकेसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ मिसूरी-कॅन्सस सिटीचा) सहा वर्षांचा कार्यक्रम १९७१ पासून चालू आहे. जागा अगदी थोड्या असतात, स्पर्धा भयंकर. अटी नीट वाचा: किती जीपीए टिकवायचा, एमकॅट लागते का, बाहेर अर्ज केला तर जागा जाते का. अर्ज करा, पण यादी त्यांच्याच भरवशावर करू नका. आणि सतराव्या वर्षी मुलाला खरंच खात्री आहे का, हे त्याला एकट्याला गाठून विचारा. आईबाबा दोघं समोर असताना नको.

९. कागदपत्रं आणि तारखा

एक फोल्डर करा, कागदी किंवा ऑनलाइन, आणि त्यात हे ठेवा:

- हायस्कूलची ट्रान्सक्रिप्ट, आणि ड्युअल एनरोलमेंट केलं असेल तर त्या कॉलेजची वेगळी ट्रान्सक्रिप्ट
- एसएटी किंवा एसीटी आणि एपीचे गुण
- टॅक्स रिटर्न आणि डब्ल्यू-२ हे पगाराचं विवरण (मदतीच्या अर्जात दोन वर्षांपूर्वीचं वर्ष धरतात)
- पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा व्हिसाचे कागद, आय-९४, आय-७९७
- राज्यात राहत असल्याचे पुरावे: घराचा करार, ड्रायव्हिंग लायसन्स, राज्याचा टॅक्स
- भारतातल्या मालमत्तेची अंदाजे किंमत, डॉलरमध्ये
- लसीकरणाच्या नोंदी. भारतात घेतलेल्या लसींचं जुनं कार्ड शोधून ठेवा, नाहीतर ऐनवेळी रक्त तपासून घ्यावं लागतं.

कॉमन अ‍ॅप हा अनेक कॉलेजांचा सामाईक अर्ज १ ऑगस्टला उघडतो. अर्ली डिसिजन बहुतेक ठिकाणी १ किंवा १५ नोव्हेंबर, कॅलिफोर्नियाच्या यूसीचा अर्ज नोव्हेंबरअखेर, बाकीचे साधारण जानेवारीच्या सुरुवातीला. अर्ली डिसिजन बांधून टाकतं: प्रवेश मिळाला की जावंच लागतं, दुसरीकडची मदत किती मिळाली असती ते कळायच्या आत. आठ वर्षांचा खर्च डोळ्यांसमोर असताना माझं मत त्याच्या विरुद्धच आहे, जोवर नेट प्राइस कॅल्क्युलेटरचा आकडा तुम्हाला आधीच पटलेला नाही. एफएएफएसए हा सरकारी मदतीचा अर्ज साधारण ऑक्टोबरमध्ये उघडतो, पण तो नागरिक, ग्रीन कार्डवाले अशा पात्र मुलांसाठीच आहे. एच-फोरवरच्या मुलांनी प्रत्येक कॉलेजच्या मदत कार्यालयाला वेगळं विचारावं.

यादीसाठी एक्सेलची साधी शीट पुरे. रकाने: वर्षाचा खरा खर्च, केमिस्ट्रीच्या वर्गाचा आकार, कर्व्ह, कमिटी लेटरची अट, हॉस्पिटलपर्यंतचा प्रवास, मेजर बदलण्याची सोय, आणि शेवटी "मुलाला कसं वाटलं". रँकिंगचा रकाना आम्ही मुद्दाम ठेवला नव्हता.

कॅम्पस पाहायला शनिवारी जाऊ नका, कामाच्या दिवशी जा. ऑरगॅनिकचा वर्ग सुटताना दारापाशी उभं राहा. मुलं आपापसात बोलत बाहेर येतात का, एकमेकांच्या वह्या पाहतात का, की कानात इअरफोन घालून एकेकटी निघून जातात? मुलाला त्यांच्यातल्या एखाद्याशी बोलू द्या, आणि तुम्ही तेवढा वेळ कॉफी घ्यायला जा. तुमच्यासमोर ती मुलं खरं सांगणार नाहीत.

१०. प्रवेश मिळाल्यावर

मदतीची पत्रं आली की त्यातली कर्जाची रक्कम वजा करून खरा खर्च काढा. काही पत्रांत कर्जसुद्धा "मदत" म्हणून मांडलेलं असतं. दुसऱ्या कॉलेजने जास्त दिलं असेल तर ते पत्र जोडून पुनर्विचाराची विनंती करता येते. विनम्रपणे, एक पान. १ मे पर्यंत एकाच ठिकाणी डिपॉझिट भरा.

मग ओरिएंटेशनला कोर्स निवडताना केमिस्ट्री, बायोलॉजी, कॅल्क्युलस आणि फिजिक्स सगळं पहिल्याच सेमिस्टरला घेऊ देऊ नका. एक लॅबचा विषय, फार तर दोन, आणि बाकी एखादा लेखनाचा किंवा आवडीचा विषय. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफ करून ठेवायला सांगा, पुढे एखाद्या मेडिकल स्कूलने "या कोर्सात लॅब होती का?" असं विचारलं तर उपयोगी पडतो. आणि पहिल्या दोन आठवड्यांत, काही अडलेलं नसतानाही, केमिस्ट्रीच्या प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सना एकदा जाऊन यायला सांगा.